आख्खी जवारी

जिंतूर,
२ मार्च १९४४

ती. सौ. मनकर्णाताईस बन्सीधरचा नमस्कार.

संक्रांतीनंतर पत्र नाही म्हणून रागावली असशील. सरकारी गुरांच्या मळ्यावर मला नवं काम दिलं आहे, त्यात वेळ गेला. काम काय आहे ते वाचून तू तोंडाला पदर लावशील. मी शेण मोजतो.

थट्टा नाही. बैलापुढे किती वैरण टाकली ते आधी तोलायचं. मग त्याच्या मागे कातडी पिशवी बांधायची, म्हणजे शेण खाली पडत नाही. ते शेण तोलायचं, वाळवायचं, पुन्हा तोलायचं. आत गेलं त्यातून बाहेर आलेलं वजा केलं की उरलेलं जनावराच्या अंगी लागलं. मेंढ्यांनाही तशाच लहान पिशव्या आहेत. कडबा, सरकी, करडीची पेंड, जवारी, सगळ्यांची अशी परीक्षा चालू आहे. लढाईमुळे धान्य तुटलं आहे, तेव्हा कोणतं जनावर कशातलं किती पचवतं हे सरकारला कळायला हवं, असं आमचे मोहतमीम साहेब म्हणतात. मळ्याचा सगळा कारभार त्यांच्याच हाती आहे. हे काम नीट झालं तर माझी हंगामी नोकरी कायम होईल. आईला अजून काही कळवू नकोस.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. बैल तोच, आख्खी जवारी तीच. पण एके दिवशी शेण दाण्यांनी भरलेलं असतं आणि दुसऱ्या दिवशी त्यात दाणा सापडत नाही. साहेब मला विचारतात, मी बैलाला विचारतो.

सरकारसाठी सक्तीने धान्य गोळा करणाऱ्या लेव्हीवाल्यांनी नाकारलेली काळी जवारी दाजी बैलांना घालतात ना? एवढं कर. सकाळी गोठा झाडायच्या आधी जा आणि शेण काडीनं फोडून बघ. मेंढ्यांच्या लेंड्याही बघ. जे दिसेल ते लिही.

तुझा,
बन्सीधर

•

कोथळवाडी, मानवतजवळ,
फाल्गुन वद्य सप्तमी

चि. बन्सीधरास अनेक आशीर्वाद.

तुला शिकवायला आबांनी घरची म्हैस विकली. ते असते तर तुझं हे काम ऐकून म्हणाले असते, म्हैस ठेवली असती तर घरीच शेण मोजता आलं असतं.

तू सांगितलंस तसं केलं. जवारीचं म्हणशील तर चांगली सगळी लेव्हीत गेली. महसुलाचा गिरदावर स्वतः कोठीत उतरला होता. कापणीच्या वेळी भिजून काळी पडलेली तेवढी त्याने सोडली. गड्यांना आता मजुरी पैशात मिळते, कारण यांनी धान्य देणं बंद केलं आहे. पैसे घेऊन लोक मानवतला जातात आणि तिथे धान्य नसतं म्हणून रिकामे परत येतात. काळी जवारी बैलांची. पेंड परवडत नाही, सरकी मिळत नाही, मग कडब्यावर तीच घालतो.

सकाळी गेले तर झुंबरबाई आधीच आलेली. तुला ती आठवेल. तू दिवाळीला आलास तेव्हा तुझा बूट घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे जी ओढ्यापर्यंत धावली होती, ती. वेशीबाहेरच्या वस्तीत राहते. गोठा झाडायचा आणि त्याबद्दल शेण न्यायचं, ही तिची सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत आहे. त्याच्या ती गोवऱ्या थापते. मुलगा बोधनकडे ऊसतोडीला गेला तो अजून आला नाही. घरी ती आणि सून वच्छला, दोघीच.

मी काडी घेऊन बसले तशी झाडू टाकून ती धावत आली.

"माय, हात कशाला घाण करायलात? काय हरवलं का?"

"झुंबरे, यात दाणे किती आहेत बघ."

"दाणे कुठले? कडब्याचे बुडखे हायेत ते."

"मग हा काय आहे?"

माझ्या तळव्यावरचा दाणा तिने उचलून पाहिला. "एखांदा राहातोच की. माणसाच्या पोटातून बी राहातो." तिच्याबरोबर मीही हसले. मग तिने भराभर पाटी भरली आणि गेली. इतर वेळी घटकाभर बसून बोलते.

पण एखादा नव्हता, बन्सी. शेणाच्या प्रत्येक पोवात मूठमूठ जवारी होती, धुतली असती तर पेरता आली असती. मला फार वाईट वाटलं. एवढं धान्य बैलाच्या पोटातून फुकट जातं आणि आम्हाला पत्ता नाही.

लेंड्याही फोडल्या. मेंढ्या तीच जवारी खातात, पण आत नुसता भुगा, दाणा एकही नाही. झुंबरबाई लेंड्या कधी नेत नाही. आज म्हटलं, याही ने. तर म्हणाली, "त्या घिऊन काय करू माय, त्याच्यात काय हाय?" गरिबीतही चोखंदळ आहे.

तब्येतीला जप. हात धुऊन जेवत जा.

तुझी ताई

•

जिंतूर,
२७ मार्च १९४४

ती. ताईस नमस्कार.

तुझं पत्र मी साहेबांना वाचून दाखवलं. म्हैस तेवढी गाळली.

तू पाहिलंस तेच खरं आहे. बैल घाईघाईने गिळतो आणि मग बसून रवंथ करतो. रवंथीत कडब्याचा लांब चोथा वर येतो, पण जवारीचा दाणा गोल, जड आणि गुळगुळीत. तो खाली बसतो आणि न चावताच पुढे सरकतो. वरचं टरफल फुटलं नाही तर पोटातला रस आत शिरत नाही. मेंढी मुळातच बारीक चावते, तिच्या दातांतून दाणा सुटत नाही. म्हणून मेंढीला दाणा आख्खा घातला तरी चालतो. उलट कडब्याचे जाड बुडखे मेंढीला झेपत नाहीत, बैल ते चांगले जिरवतो. देवानं ज्याचं त्याला वाटून दिलं आहे.

तेव्हा बैलांची जवारी जात्यावर भरडून घाल. पीठ नको, दाण्याचे दोन तुकडे झाले तरी पुरे. थोडीच लागेल आणि सगळी अंगी लागेल. दाजींना सांग, महिन्याभरात फरक दिसेल. बैलांची अंगं कशी आहेत, शेणात काय दिसतं, मला कळवत राहा. मळ्यावरचं काम एकीकडे आणि खऱ्या शेतकऱ्याच्या गोठ्यातला अनुभव एकीकडे. साहेबांना त्याचं मोल जास्त आहे.

माझा घोळही मिटला. शेणाच्या पिशव्या मी आता खोलीत ठेवून कुलूप लावतो. तेव्हापासून रोज दाणे सापडतात आणि सगळं जुळतं. हसू नकोस, शेणालाही चोर असतात. कोण आणि कशासाठी, ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

तुझा,
बन्सीधर

•

कोथळवाडी,
चैत्र वद्य चतुर्थी

चि. बन्सीधरास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं त्याच दिवसापासून भरडा सुरू केला. स्वयंपाकाच्या पार्वतीबाई भरडून देतात. स्वयंपाक सांभाळून हे नवं काम मागे लागलं म्हणून कुरकुरतात, पण करतात. आधी जेवढी जवारी लागे त्याच्या निम्मीच आता लागते. हे खूश आहेत. उरलेली काळी जवारी मानवतच्या अडत्याने उचलून बाहेरगावी धाडली. शेणात दाणा दिसत नाही. मोऱ्याची पाठ भरली आहे, हौश्याच्या अंगावरचे केस बसून कातडं तुकतुकीत दिसतं.

फक्त झुंबरबाईचं बिनसलं आहे. दुसऱ्याच दिवशी दाराशी येऊन उभी राहिली.

"माय, भरडा बैलाला मानवंना. मोऱ्या वैरण टाकायलाय."

"मोऱ्या गव्हाण चाटून पुसून खातो आहे. मी आत्ता बघून आले."

"आता खाईल. मग पोट फुगंल त्याचं. बैलाला आख्खीच बरी आसती. म्हाताऱ्या मालकीणबाई आख्खीच घालायच्या."

"त्यांना कोणी सांगणारं नव्हतं, झुंबरे."

"व्हय," ती म्हणाली. "आता सांगणारे लय झाले."

परवा पुन्हा आली. पार्वतीबाई भरडत होत्या, तर ओट्याखाली बसून जात्याकडे बघत राहिली. म्हटलं, काय गं. म्हणाली, काई न्हाई. मग म्हणाली, एका बैलाला तरी आख्खी घाला माय, बघा कोण्ता बैल ताकदीचा निघतो. तुझ्यासारखीच परीक्षा घ्यायला निघाली. मला हसू आलं. पार्वतीबाई हसल्या नाहीत, मान खाली घालून जातं ओढत राहिल्या.

सून गरोदर आहे म्हणे. विचारलं तर "हाय की" एवढंच म्हणाली.

नोकरी कायम होण्याचं काय झालं? मी काही बोलले नाही, तरी आई सारखी विचारते.

ताई

•

जिंतूर,
३० एप्रिल १९४४

ती. ताईस नमस्कार.

घाईत लिहितो आहे. साहेबांनी अहवाल मागितला आहे. त्यात मी तुमच्या गोठ्याची हकिकत घातली, 'कोथळवाडी येथील एका शेतकऱ्याचा अनुभव' म्हणून. आता त्यांच्या मनात आहे की सगळ्या तालुक्यांत पाटलांमार्फत पत्रक काढावं, जनावरांना धान्य भरडल्याशिवाय घालू नये म्हणून. एवढं धान्य वाचलं तर लढाईच्या दिवसांत ते मोठंच काम होईल.

झुंबरबाईच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस. जुन्या माणसांना नवं लवकर पटत नाही. मात्र तिला अधूनमधून काही देत जा. सून गरोदर आहे म्हणतेस, म्हणून लिहिलं.

तुझा,
बन्सीधर

•

कोथळवाडी,
ज्येष्ठ शुद्ध दशमी

चि. बन्सीधरास आशीर्वाद.

तू लिहिलंस म्हणून माझं एक हिरवं लुगडं झुंबरबाईला दिलं. चांगलं होतं, फक्त काठ विरला होता. तिने हातात घेतलं, उलटसुलट केलं, डोक्याला लावलं आणि पाटी उचलून गेली. मला वाटलं होतं, आनंदेल.

त्यानंतर जे झालं ते मनाला लागून राहिलं आहे.

हे भुजंग गड्याला घेऊन ओढ्याकडच्या रानात चालले होते. वाट वस्तीमागून जाते. झुंबरबाईच्या खोपटामागे गोणपाटावर जवारी वाळत घातलेली दिसली. जेमतेम शेर असेल, पण काळी. गावात काळी जवारी आमच्याशिवाय कोणाकडे नाही. यांनी ती गोणपाटासकट आणवली आणि झुंबरबाईला अंगणात उभी केली. मी पडवीत होते.

"कुठून आणलीस?" यांनी विचारलं.

तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

"बाजारातून? काळी जवारी बाजारात कोण विकतं?"

वच्छला मागे उभी होती. दिवस भरत आल्यासारखं पोट, हातपाय मात्र काडीसारखे. ती पुढे होऊन म्हणाली, "मालक, सासूबाईनं ती—"

"वच्छे, तू बोलू नगंस," झुंबरबाई तिच्यावर एवढ्या जोराने ओरडली की मीच दचकले. मग यांच्याकडे वळून अगदी सावकाश म्हणाली, "घेतली मालक. कोठीतून घेतली."

बन्सी, कोठीची किल्ली माझ्या कमरेला असते. भिंत धड आहे, कुलूप धड आहे. संध्याकाळी मी स्वतः जवारी मापून पाहिली, आहे तेवढीच आहे. यांना तसं सांगितलं तर म्हणाले, "ती स्वतः कबूल झाली, तू कशाला वकिली करतेस?" तिला गोठा बंद केला. आता भुजंगची बायको झाडते आणि शेण उकिरड्यावर टाकते. चोरी न करता चोरी केली म्हणणारं माणूस मी आजवर पाहिलं नव्हतं.

आणखी एक. ती जप्त केलेली जवारी यांनी बैलांपुढे टाकायला सांगितली. मोऱ्याने हुंगली आणि तोंड फिरवलं. हौश्यानेही तसंच केलं. दोघंही भुकेले होते, नुकते नांगर सोडून आलेले. का खाल्ली नाही, ते तुझ्या शास्त्राला विचारून मला कळव.

ताई

•

जिंतूर,
१४ जून १९४४

ती. ताईस नमस्कार.

पत्र पोचलं. जनावर वासावर खातं. जवारी ओलसर राहून कुबट झाली असेल, म्हणून बैलांनी तोंड लावलं नसेल. त्यात शास्त्राचं काही नाही.

झुंबरबाईच्या प्रकरणात तू पडू नकोस. दाजींनी निर्णय घेतला, झालं. गावात राहायचं तर या गोष्टी मनाला लावून चालत नाही.

अहवाल हैदराबादला गेला. पोळ्याच्या सुमारास काय ते कळेल. पावसाळ्यात बैलांना ओला चारा एकदम घालू नका.

तुझा,
बन्सीधर

•

कोथळवाडी,
भाद्रपद शुद्ध द्वितीया

चि. बन्सीधर,

दोन महिने तुला लिहिलं नाही. लिहिण्यासारखं होतं ते मला माहीत नव्हतं.

पोळ्याला आमचे बैल सगळ्यांत पुढे होते. माणसं त्यांच्या पाठीवरून हात फिरवून बघत होती. काय चारता, म्हणून यांना विचारत होती. हे तुझं नाव सांगत होते. दरवर्षी मिरवणूक वेशीवर आली की झुंबरबाई तांब्या घेऊन उभी असते, बैलांच्या खुरांवर पाणी घालते. बैल तिला ओळखून आपणहून थांबतात. यंदाही मोऱ्या तिथे थांबला. भुजंगने कासरा ओढला तरी हलेना. मी मागून भुजंगला विचारलं, झुंबरबाई रागावली आहे का अजून?

तो म्हणाला, "ती गेली की मालकीणबाई. पंचमीच्या अगोदरच."

पंचमीला आम्ही इथे झोके बांधले होते. कोणी सांगितलं नाही. मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी घरातली चांगली जवारी सुपात घेतली, वर फडकं टाकलं आणि वस्तीवर गेले. लग्न होऊन आल्यापासून मी त्या वाटेला पाऊल टाकलं नव्हतं. खोपटाच्या मागे, ओढ्याच्या काठाला एक सपाट दगड होता. त्यावर विणलेली फाटकी चाळण पालथी पडली होती. शेजारी ढीग होता, मला आधी भुसा वाटला. जवळून पाहिलं तर शेणातला चोथा. धुऊन धुऊन रंग गेलेला, वास गेलेला. पुरुषभर उंच होता, बन्सी. किती वर्षांचा असेल कोणास ठाऊक. गोवऱ्या थापणारं माणूस शेण धूत नाही, एवढं मला तिथे उभं राहून कळलं.

वच्छला बाळंत झाली आहे. मुलगी. बसल्या जागेवरून उठली नाही. अंगावर माझं हिरवं लुगडं होतं. सूप पुढे ठेवलं तर पाहिलं, हात लावला नाही.

"ही कशाची, मालकीणबाई?"

"घरातली आहे. चांगली आहे."

"आन उद्या?"

मी विचारलं, "त्या दिवशीची जवारी..."

"तुमच्या बैलानं दिली व्हती," ती म्हणाली. तिला हसायचं असावं, पण तेवढा जीव अंगात नव्हता. "शेण ओढ्यावर न्यायचं. चाळणीत धुवायचं. वास जायेस्तोवर धुवायचं. मग वाळू घालायची, भाजायची, दळायची. पहिलं आसं खळ्याच्या दिवसांतच करायचे म्हणं. लेव्ही लागल्यापून आमचं रोजचं झालं. भरडा सुरू झाला तवा सासूबाईनं मागची जराशी लपवून ठिवली, माझ्या बाळंतपणाला. तीच मालकानं नेली."

"मग तिने खरं का नाही सांगितलं? चोर कशाला म्हणवून घेतलं?"

"चोर म्हनले तर दोन दिस म्हनतेत. शेणातलं खाती म्हनले आसते तर हिला बी म्हनले आसते," आणि तिने मांडीवरच्या मुलीकडे बोट केलं. "हिच्या लग्नापस्तोर."

झुंबरबाई आपल्या वाट्याचं सुनेला घालत होती. शेवटी पायावर सूज आली, मग तोंडावर. वस्तीतली माणसं म्हणाली, बाहेरचं आहे.

निघताना वच्छला म्हणाली, "सूप रिकामं करून न्या मालकीणबाई, मालक इचारतील. देयाचंच आसंल तर बैलाला आख्खी जवारी घाला. आन शेण मला उचलू द्या. शेण आमच्या हक्काचं हाय." मी सूप रिकामं करून घेऊन आले.

लेंड्यांत काय आहे असं तिने मला विचारलं होतं. मोऱ्याला भरडा मानवत नाही, असंही सांगितलं होतं. एका तरी बैलाला घाला म्हणाली होती. यापेक्षा जास्त तिने कसं सांगायचं होतं? पार्वतीबाईंना विचारलं तर म्हणाल्या, मला ठाऊक होतं, वाटलं तुलाही ठाऊक असेल.

आणि तुला, बन्सी? तुमच्याकडे शेणाला कुलूप का लागलं? जवारी वाळताना सापडल्याचं मी लिहिलं तेव्हा तुला काय कळलं होतं, ते मला सरळ लिही.

मनकर्णा

•

जिंतूर,
३० ऑगस्ट १९४४

ती. ताईस नमस्कार.

सरळ विचारलंस, सरळ लिहितो. आमच्याकडे आश्रुबा नावाचा झाडूवाला आहे. पिशव्या तोलण्याआधी तो त्या ओहोळावर नेऊन शेण धुऊन परत भरून ठेवायचा. एके दिवशी मी मागून गेलो. त्याने पाय धरले. साहेबांना मी सांगितलं नाही, त्याची नोकरी राहिली. पण अहवाल खोटा होऊ देता येत नव्हता, म्हणून कुलूप लावलं. गोणपाटावरच्या जवारीचं वाचलं तेव्हा मला कळलं, होय. बैलांनी का हुंगून सोडली, तेही कळलं. जनावर आपल्याच शेणाचा वास लागलेलं खात नाही.

लिहिलं नाही, कारण अहवालात तुमचा गोठा होता.

पण ताई, आधीच लिहिलं असतं तर तू काय केलं असतंस? भरडा थांबवला असतास? निम्मं धान्य बैलातून फुकट जाऊ द्यायचं, का, तर माणसांनी ते शेणातून वेचून खावं म्हणून? हे तुला बरं वाटलं असतं? मी रात्रंदिवस विचार केला आहे. बैलाला भरडा आणि माणसाला धान्य, हेच बरोबर आहे. पहिलं माझ्या हातात होतं, दुसरं नव्हतं. तू वच्छलाला घरातून धान्य देत जा.

माझी नोकरी कायम झाली. पत्रकही निघालं, सगळ्या तालुक्यांत जाईल. ते आता कोणालाच थांबवता येणार नाही.

आश्रुबा पंधरा दिवसांपासून कामावर आलेला नाही.

तुझा,
बन्सीधर

•

कोथळवाडी,
भाद्रपद वद्य नवमी

चि. बन्सीधरास आशीर्वाद.

नोकरी कायम झाल्याचं आईला कळवलं. तिने देवापुढे साखर ठेवली.

तू म्हणतोस ते चुकीचं आहे असं मला म्हणता येत नाही. माणसाला धान्य, हेच बरोबर. मी दिलं. पदराखाली नेऊन दिलं. तिसऱ्या खेपेला यांनी अंगणात अडवलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "चोराच्या घरी माझं धान्य कशाला?" मी सगळं सांगितलं. शेणातून वेचलेली होती म्हणून सांगितलं. ते उठून हात धुऊन आले, जणू ऐकूनच विटाळ झाला. आता कोठीची किल्ली त्यांच्या कमरेला असते.

बैलांचं खाणं मात्र अजून माझ्याकडेच आहे. त्यांची जवारी आता गोठ्यातल्या वेगळ्या कणगीत असते; तिला कुलूप नाही, पण ती बैलांपुढेच पडते ना, हे भुजंग बघतो.

मागच्या आठवड्यात तुमचं पत्रक आलं. दवंडीवाल्याने चावडीपाशी ओरडून सांगितलं, जनावरांना आख्खं धान्य घालू नये. वस्तीतल्या बायका दूर उभ्या राहून ऐकत होत्या. कोण कोणत्या घरचं शेण नेते, हे मला आता एकेकीच्या चेहऱ्यावरून कळत होतं.

त्याच दिवशी जेवताना मी यांना म्हटलं, "भरडा मोऱ्याला मानवत नाही. वैरण टाकायला लागलाय."

"पोळ्याला तर कसा चमकत होता."

"तेव्हा खात होता. आता पोट फुगतं त्याचं. बैलाला आख्खीच बरी. सासूबाई आख्खीच घालायच्या."

शब्द तोंडातून गेले आणि माझे मलाच ऐकू आले. ते कोणाचे होते हे यांना कळलं नाही.

"आणि तुझ्या भावाचं शास्त्र? सरकारचा हुकूम?"

"ते सरकारी बैलांचं असेल," मी म्हटलं. "आमचे गावठी आहेत."

ते हसले. हसले म्हणजे झालं. पार्वतीबाईंनी जातं झाकून ठेवलं.

भुजंगच्या बायकोला शेणाचा कंटाळाच होता, तिने गोठा आनंदाने सोडला, आणि तिथे कोण झाडतं ते बघायला हे त्या दिवसापासून गोठ्याकडे फिरकत नाहीत. परवा सकाळी वच्छला आली. मुलगी पाठीला बांधलेली, अंगावर तेच हिरवं लुगडं. मी पडवीत उभी होते. तिने शेणाचा पो बोटाने फोडला, बघितलं आणि मग पाटी पुढे ओढली. सासू माझ्यापासून लपवायची, हिने लपवलं नाही. मलाही मान फिरवता आली नाही. लेंड्यांपाशी आली तेव्हा त्या झाडून बाजूला सारल्या. मी तिला शेणातलं खायला देते आहे आणि तेवढंच मला देता येतं.

कोणाला सांगू नकोस. तुझ्या अहवालात कोथळवाडीचा शेतकरी भरडाच घालतो, तसंच राहू दे.

दिवेलागण झाली. आता मी गोठ्यात जाईन. कडब्यावर जवारी पसरेन आणि मोऱ्याच्या पुढ्यात उभी राहीन. लग्न होऊन आले त्या वर्षी सासूबाईंनी शिकवलं होतं, बैलापुढे वैरण टाकताना हात जोडायचे आणि मनात म्हणायचं, खाल्लेलं अंगी लागू दे. इतकी वर्षं म्हणत आले. आताही हात जोडते. तो तोंड घालतो, दातांचा आवाज येतो, आणि मी मनात म्हणते, सावकाश नको रे, नीट चावू नकोस. गिळ. आणि खाल्लेलं तुझ्या अंगी लागू नये.

ताई